चेंडूचा खेळ आणि उसाची तोड



मोळी गव्हाणीत पडली, चिमणीतून धूर निघाला आणि रिवाजाप्रमाणे गावोगाव एकच विचारपूस सुरू झाली : "तुमची तोड आली का?" ज्याची आली तो हळू आवाजात सांगतो, ज्याची आली नाही तो मोठ्याने सांगतो. या विषयावर आम्ही याच पानांतून पूर्वीही लिहिले आहे. त्याचा उपयोग किती झाला ते शेतकी खात्यातल्या कोणत्याही माणसाचा मोबाईल पाच मिनिटे हातात धरून पाहावे; तो वाजायचा थांबत नाही. तेव्हा या वेळी सरळ उपदेश न करता थोडी आडवाट धरतो. वाट मोशीवरून जाते, तिथून अमेरिकेत जाते आणि फिरून आपल्या गट ऑफिसच्या दारात येते. वाचकांनी जरा दम धरावा.

मोशी हे आमच्या भाचीचे सासर. पुणे-नाशिक रस्त्यावरचे, इंद्रायणीकाठचे गाव. ज्यांनी ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाहिले त्यांना आज ओळखू यायचे नाही. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकणची, मध्ये मोशी. त्यामुळे जिथे पीक उभे असायचे तिथे आता बारा-बारा मजले उभे आहेत. नागेश्वर महाराजांचे देऊळ आणि नदी एवढीच जुनी खूण. भाचीच्या घरच्यांनीही बरीच जमीन दिली, पण नदीच्या अंगाचा एक तुकडा राखला आणि त्यात अजून ऊस असतो. जावईबापू चाकणला कंपनीत शिफ्टला जातात आणि सुट्टीच्या दिवशी उसाला पाणी धरतात. त्या उसाची गोष्ट पुढे येईल.

संध्याकाळी भाचीच्या मुलाबरोबर आम्ही सोसायटीच्या आवारात उतरलो. एका कोपऱ्यात सिमेंटची फरशी, कडेला खांब, खांबावर फळी आणि फळीला लोखंडी रिंग. रिंगेची जाळी केव्हाच फाटलेली, आणि अर्ध्या फरशीवर मोटारसायकली उभ्या. उरलेल्या अर्ध्यात सात-आठ मुले-मुली बास्केटबॉल खेळत होती. एक चेंडू सुटून आमच्या पायाशी आला. आम्ही लहानपणी खो-खो, विटीदांडू आणि थोडीफार कुस्ती खेळलेले. आम्हाला जोर आला. चेंडू काखेत मारला आणि पाच-सहा ढांगा टाकून थेट रिंगेखाली गेलो. तर पोरांनी एकच गिल्ला केला, "आजोबा, ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!" आम्हाला वाटले, एसटीने आलो का रेल्वेने ते विचारतायत.

मग नातवाने समजावून सांगितले. "आजोबा, बॉल धरून पळायचं नसतं."

"मग न्यायचा कसा?"

"एक तर आपटत न्यायचा, नाहीतर दुसऱ्याला द्यायचा."

"आणि दुसरा कुणी मोकळाच नसला तर?"

"असतो की. तुम्ही बघत नाही."

पोरगे बारा वर्षांचे. त्याला काही लागट बोलायचे नव्हते. पण हे शेवटचे वाक्य आमच्या डोक्यात असे बसले की रात्री झोप लागेना, आणि घरी आल्यावर आम्ही या खेळाची माहिती मिळवून वाचली.

हा खेळ फार जुना नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो काढला. बाहेर बर्फ, पोरांना मैदानात नेता येत नाही, आत कोंडून ठेवली की दंगा करतात. अशा वेळी काहीतरी करून ती दमली पाहिजेत एवढाच हेतू. पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या त्याने दोन टोकांना दहा फूट उंचीवर ठोकल्या. वर्गात अठरा पोरे होती, नऊ-नऊचे दोन संघ केले आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे. पहिल्या दिवशी सबंध खेळात एकच चेंडू पडला म्हणतात. असो.

त्या तेरा नियमांतला तिसरा नियम आमच्या नातवाने सांगितला तोच : चेंडू घेऊन पळायचे नाही, जिथे धरला तिथूनच तो टाकायचा. असा नियम का केला यामागचा नेस्मिथचा विचार ऐकण्यासारखा आहे. तिकडे फुटबॉलचा जो प्रकार खेळतात त्यात चेंडू पोटाशी धरून पळायचे असते, आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी आडवे पाडायचे असते. हातपाय मोडतात. नेस्मिथने विचार केला, की माणसाला आडवे का पाडतात? तर तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. त्याला पळताच आले नाही तर त्याला पाडायची गरज कुणाला? मारामारी बंद करण्यासाठी त्याने मारामारीवर दंड बसवला, हे तर खरेच. पण आधी तिचे कारणच काढून घेतले.

आम्ही हे वाचले आणि आपले गट ऑफिस डोळ्यांपुढे आले. पण ते नंतर.

हा खेळ म्हणजे इंग्रजी शाळेतल्या, पांढरे बूट घातलेल्या पोरांचा असा आमचा समज होता. तोही चुकीचा निघाला. मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात नेबरहूड हाऊस सुरू केले, कामगारवस्तीत, दाटीवाटीत. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे मूळही तिथलेच. त्या नागपाड्यात बास्केटबॉल असा रुजला की तिथल्या गल्लीतून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू भारताचा कर्णधार झाला आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. थोडक्यात, या खेळाला मोठे मैदान लागत नाही, एक खांब आणि एक रिंग पुरते. आणि दुसऱ्याला चेंडू द्यायची दानत लागते.

आता मोठ्या खेळाडूंची एक गोष्ट. अमेरिकेत विल्ट चेंबरलेन नावाचा एक अजस्र गडी होता. सात फुटांच्या वर उंची. २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. त्या सबंध हंगामात सामन्यामागे सरासरी पन्नासच्या वर. असा माणूस संघात असल्यावर अजिंक्यपद कुणाचे? कुणीही म्हणेल, त्याचेच. पण त्या वर्षी अजिंक्यपद बॉस्टनने नेले, आणि वाटेत चेंबरलेनच्याच संघाला हरवून नेले.

बॉस्टनकडे बिल रसेल होता. हाही उंच, पण गुणांची सरासरी पंधराच्या आसपास. त्याचे काम वेगळेच होते. समोरच्याने टाकलेला चेंडू तो हवेत अडवायचा, आणि अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजी हलकेच आपल्या गड्याकडे वळवायचा. पुढचे काम त्या गड्याचे. तेरा हंगामांत बॉस्टनने अकरा अजिंक्यपदे मिळवली. पुढे १९६६ पासून रसेलला खेळाडू असतानाच संघाचा प्रशिक्षक केले, आणि शेवटची दोन अजिंक्यपदे, १९६८ आणि १९६९ ची, त्याने स्वतः खेळत आणि संघ चालवत मिळवली. म्हणजे हुकूम देणारा आणि घाम गाळणारा माणूस एकच.

चेंबरलेन वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. त्याच्याएवढे गुण करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण शंभर गुण करणाऱ्याची तसबीर लागते आणि चेंडू वळवून देणाऱ्याचा संघ जिंकतो, यातली कोणती गोष्ट आपल्याला हवी ते ज्याचे त्याने ठरवावे.

या बाबतीत आपल्याला दूर जायचेही कारण नाही. प्रवरेचा कारखाना, महाराष्ट्राच्या सहकारातला पहिला, १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांच्या दारात बसून भाग गोळा केले. कष्ट त्यांचे. पण सुरुवातीला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले ते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलरावांना त्या वेळी खुर्ची मागता आली नसती का? गाव त्यांच्या मागे होते. पण बँकेत, सरकारदरबारी ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्या हाती चेंडू दिला पाहिजे हे त्यांनी ओळखले. आम्हाला तर हा सहकारातला पहिला पास वाटतो.

दुसरा माणूस जॉन वुडन. हा शेतकऱ्याचा मुलगा. इंडियाना प्रांतातल्या शेतावर वाढला. पुढे घरची शेती गेली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा तो प्रशिक्षक होता आणि १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत त्याच्या संघाने दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. असा माणूस पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवत असेल? मोजे घालायला! खाली बसवायचा आणि मोजा पायात कसा चढवायचा, टाचेपाशी आणि बोटांपाशी सुरकुती राहू द्यायची नाही, बुटाची नाडी कशी बांधायची, हे दाखवायचा. देशभरातून निवडून आलेली ती पोरे तोंडात मारल्यासारखी बघत राहायची. कारण साधे होते. मोज्याला सुरकुती पडली की फोड येतो, फोड आला की पोरगे दोन दिवस सरावाला मुकते, आणि एकाचा सराव चुकला की पाच जणांची घडी बिघडते.

आपल्याकडचा मोजा म्हणजे उसाची तोड. उसात साखर जास्त कुठे असते? बुडाशी. वरच्या कांड्यांत कमी. कोयता चार बोटे वर बसला तर गोडातला गोड भाग रानात राहतो आणि वजनही राहते. शेंड्याकडे वाढ्याचे कांडे तसेच राहिले, मोळीत पाचट आणि माती गेली, तोडलेला ऊस दोन-दोन दिवस बांधावर पडून राहिला, की साखर उतारा खाली येतो. आता हा उतारा कुणाच्या एकट्याच्या उसाचा मोजतात का? नाही. काट्यावर वजन ज्याचे त्याचे होते. उतारा मात्र सगळ्यांच्या उसाचा मिळून एकच निघतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे, आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे उतारा एक दशांश टक्का वाढला तर टनाला ३४ रुपये ६० पैसे. आमच्या मोळीतली माती तुमच्या टनातले पैसे खाते, आणि तुमच्या बांधावर वाळलेला ऊस आमच्या. धावफलक एकच आहे, त्यावर नावे नाहीत. टोळी फडात घुसली की मालकाने घरी चहा पीत बसू नये, कोयत्याकडे बघावे. मुकादमाला दोष देणे सोपे आहे. पण ऊस आपला असतो.

वुडनची आणखी एक सवय सांगून पुढे जातो. गुण झाला की गुण करणाऱ्याने, ज्याने पास दिला त्याच्याकडे बघून मान हलवायची, असा त्याचा दंडक होता. आपल्याकडे मोळी टाकताना, साखरेच्या पहिल्या पोत्याची पूजा करताना जे फोटो निघतात ते डोळ्यांपुढे आणावेत. त्यात ऊसतोडीचा माणूस कितीदा दिसतो?

एवढे सगळे वाचून झाल्यावर आम्हाला वाटले, अरे, हे आपल्याला कुणी परदेशातून कशाला सांगायला पाहिजे? आपल्या खो-खोत हेच नाही का? चेंडू नाही, रिंग नाही, खर्च नाही. नऊ जणांपैकी आठ जण ओळीत उकिडवे बसलेले, एकाचे तोंड इकडे तर शेजारच्याचे तिकडे, एकटाच उठलेला. या खेळाचे नियम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्यातच बसवले गेले. त्यातला मुख्य नियम काय? पाठीमागून खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही. समोरून पळणारा हाताच्या अंतरावर का जाईना, मोह आवरायचा. आणि ज्याने खो दिला त्याने लगेच त्या जागेवर बसायचे. आताच पळत होतो, दमलो, नाव झाले, म्हणून उभे राहून बघायची सवलत नाही.

अमेरिकेतला म्हणतो, चेंडू धरून पळू नको. आपला म्हणतो, खो मिळाल्याशिवाय उठू नको. दोन्ही खेळ स्वतःला आवरण्यावर उभे आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही विलक्षण वेगवान आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत आपला देश जिंकला. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ, महिलांचा ७८-४०, पुरुषांचा ५४-३६. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या पुणे भागातले. आम्ही मोबाईलवर त्यातला थोडा खेळ पाहिला. नवा माणूस कर्णधार कोण ते ओळखू शकणार नाही. कर्णधाराला वेगळी खुर्ची नसते. तीही ओळीत उकिडवी बसते आणि खो येईपर्यंत बसून राहते.

इथे आता मुद्द्यावर येतो. सभासद बंधूंनो, नोंदवहीतला तोडणी कार्यक्रम म्हणजे काय? लागणीच्या तारखेप्रमाणे आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा, अशी ओळ लावलेली असते. आपण सगळे त्या ओळीत उकिडवे बसलेलो आहोत. टोळी येते ती खो घेऊन. आणि आपल्यात काही जण असे आहेत की खो येण्याआधीच उठतात. कुणी संचालकाला फोन करतो, कुणी संचालकाच्या मेहुण्याला. कुणी टोळीला खुशाली देतो, ड्रायव्हरला एन्ट्री देतो. कुणी तर रात्री फडाला काडी लावतो आणि सकाळी 'जळीत झालं' म्हणून दारात उभा राहतो. जळीत ऊस आधी न्यावा लागतो हे खरे, तारेची ठिणगी पडून खरोखर जळालेला माणूसही त्यात असतो, म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नये. तसेच टोळ्या कमी येतात, ओल्या रानात गाडी रुतते, यंत्राला मोठा सलग फड लागतो, म्हणून शेतकी खात्याला ओळ थोडी मागेपुढे करावी लागते, तेही आम्हाला मान्य आहे. पण आम्ही बोलतोय ते त्याविषयी नाही. आम्ही बोलतोय ते चेंडू काखेत मारून पळण्याविषयी, आणि त्यात आम्हीही आलो.

होय, आम्हीही आलो. चार हंगामांपूर्वी आमच्या घरात लग्न होते. ऊस आडसाली, लागण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली. आम्ही एका ओळखीच्या माणसाला शब्द टाकला. आठव्या दिवशी टोळी आमच्या फडात. बांधाला बांध लागून आमच्या शेजाऱ्याचा ऊस होता. त्याची लागण आमच्याआधी सोळा दिवसांची. टोळी त्याच्या बांधावरून आमच्या रानात आली, तेव्हा तो विहिरीवर उभा होता. आम्ही त्याच्याकडे पाहिले नाही. त्यानंतर टोळी दुसऱ्या गटात गेली ती गेलीच, आणि त्याचा ऊस मार्चमध्ये तुटला. तोवर सगळ्या फडाला तुरा आलेला, कांडी पोकळ पडलेली. एकरी किती टन घटले ते त्याने आम्हाला सांगितले नाही आणि विचारायचे तोंड आम्हाला नव्हते. तो लग्नाला आला, आहेर केला, जेवला. जाताना एवढेच म्हणाला, "तात्या, तुमचा खो लवकर बसला."

हा शेजारी आणि आम्ही एका शाळेतले. शाळेच्या खो-खो संघात तो खांबाजवळ बसायचा. खांबाजवळच्या गड्याला खो कमी मिळतो, पण त्याला सावध बसावेच लागते. आमच्या सरांचे त्यावर फार लक्ष असे. खांबाकडच्याला विसरलात तर पळणारा तिकडेच जाऊन उभा राहील, असे ते ओरडायचे.

मोशीच्या उसाची गोष्ट अशीच खांबाजवळच्या गड्याची आहे. तुकडा लहान, चहूबाजूंनी इमारती. ट्रॉली सोसायटीच्या रस्त्याने न्यावी तर रहिवासी ओरडतात, आणि हमरस्त्यावर आणली तर चाकणच्या ट्रकांत अडकून पडते. टोळीला तिथे जायला नको असते. एवढ्याशा उसासाठी कोप्या कुठे टाकायच्या? हे सगळे समजण्यासारखे आहे. पण बोलताना माणसे आणखी एक वाक्य जोडतात, "त्यांना काय, जमिनीचे पैसे आलेत, बसू द्या." हे मात्र आम्हाला पटत नाही. भागाचे पैसे त्यांनी तुमच्या-आमच्याएवढेच भरले. गेल्या हंगामात त्यांचा ऊस एप्रिलपर्यंत उभा होता. जावईबापू रात्रपाळी करून सकाळी गट ऑफिसला जायचे आणि दुपारी झोपायचे. आम्हाला म्हणाले, "मामा, कंपनीत पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय मी मशीन सोडत नाही. तो पाच मिनिटं उशिरा आला तर मी पाच मिनिटं थांबतो. इथं कोण कुणासाठी थांबतंय तेच कळत नाही." त्यांनी अजून ऊस मोडलेला नाही. पण असे आणखी दोन हंगाम गेले तर मोडतील, आणि मग त्या अंगाचा ऊस कमी झाला म्हणून आपणच वार्षिक सभेत भाषण करू.

आता आमची सूचना. शेतकी अधिकाऱ्याला दरवर्षी दम देऊन काही होत नाही. तो पगारी माणूस, वरून फोन आला तर तो काय करणार? सुरुवात वरूनच व्हायला हवी. प्रत्येक गट ऑफिसच्या भिंतीवर त्या गटातल्या सगळ्या नोंदी लागणीच्या तारखेच्या क्रमाने लावाव्यात, आणि तोड झाली की त्यापुढे तोडीची तारीख लिहावी. नेस्मिथनेही नियम भिंतीवरच लावले होते. त्या यादीत अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व संचालक यांच्या नोंदी लाल शाईने लिहाव्यात. हंगाम संपल्यावर त्या लाल नोंदी, लागणीची तारीख आणि तोडीची तारीख यांसह, याच पत्रकात छापाव्यात. ज्या संचालकाचा ऊस ओळीने तुटला त्याला काही सांगावे लागणार नाही. आणि फोन करणाऱ्या सभासदाला तो निधड्या छातीने म्हणू शकेल, "अरे बाबा, माझा अजून उभा आहे."

काही जण म्हणतील, एकट्या आपल्या कारखान्यात असे करून काय होणार, शेजारी तर सर्रास चालते. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये, एवढेच त्याला उत्तर. दुसरे कुणी म्हणतील, संचालकाला एवढीही सोय नसेल तर संचालक व्हायचे कशाला? हा प्रश्न मात्र चांगला आहे. ज्यांना तो पडला असेल त्यांनी निवडणुकीचा अर्ज भरण्यापूर्वी स्वतःलाच विचारावा. लहान तुकड्यांसाठी, मोशीसारख्या ठिकाणांसाठी, दोन-तीन गावांचे तुकडे एकत्र करून एक टायरगाडीची टोळी ठरावीक आठवड्यात तिकडेच पाठवावी. ट्रॉलीला जिथे जागा नाही तिथे बैल अजून जातो.

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपले सांगावे म्हणून लिहितो. आमचा ऊस या हंगामात आडसाली आहे, लागण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. गटात आमच्याआधी एकेचाळीस नोंदी आहेत, ते आम्ही स्वतः ऑफिसात जाऊन पाहिले. आमच्या नावाने कुणी फोन केला तर तो आम्ही केलेला नाही असे समजावे. शेजाऱ्याची नोंद आमच्या नऊ जागा पुढे आहे. परवा बांधावर भेटला तेव्हा त्याला हे सगळे सांगितले आणि हा लेख लिहितोय म्हणूनही सांगितले. तो पाचट सारत होता. वर न बघता म्हणाला, "लिहा की. टोळी आली की बघू."